हौसेची खातेवही : दूरची लेन्स निवडताना

या स्तंभातून आपण बहुधा ठेवी, विमा, वारसनोंद आणि कर्ज यांचाच विचार करीत आलो आहोत. आज एका हौसेच्या वस्तूचा विचार करावयाचा आहे. विषय छायाचित्रणाचा असला तरी प्रश्न आपल्या नेहमीचाच आहे. हातातील रक्कम ठरलेली, बाजारात वस्तू अनेक, आणि विकणारा प्रत्येक जण आपलीच वस्तू उत्तम म्हणणारा. अशा वेळी निर्णय कसा घ्यावा?

प्रसंग असा घडला. सोलापुरात माझ्या परिचयाचे एक भुसार व्यापारी आहेत. त्यांचा धाकटा मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारनंतर दुकानात बसून तो उधारीच्या नोंदी आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळतो. त्याबद्दल वडील त्याला दरमहा काही रक्कम देतात. ती साठवून त्याने २८,००० रुपये जमविले. थोरल्या बहिणीच्या लग्नात घेतलेला निकॉन डी ५६०० हा कॅमेरा घरात आहेच. त्याला पाखरांची छायाचित्रे काढण्यासाठी दूरचे टिपणारी झूम लेन्स हवी होती आणि त्याचा डोळा होता १५०-६०० मिलिमीटरच्या भल्यामोठ्या लेन्सवर. साठविलेले पैसे आरंभी भरावयाचे आणि उरलेले हप्त्यांनी फेडावयाचे, असा त्याचा बेत होता.

"पाखरांच्या फोटोसाठी कर्ज?" एवढेच विचारून वडिलांनी नकार दिला. मुलगा हट्टास पेटला. बापलेकांत कामापुरतेच बोलणे उरले. पंधरा दिवस असे गेल्यावर मुलाच्या आईचा मला फोन आला. "भाऊ, तुम्ही बँकेतले. तुमचे दोघेही ऐकतील. एकदा घरी येऊन जा."

मी गेलो, परंतु पंच म्हणून बसण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे मला भाग होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी अशीच एक लेन्स घेतली होती. दुकानदाराने दोन लेन्स पुढे ठेवल्या. दोन्ही ३०० मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या, दिसायला जवळजवळ सारख्या. एकीची किंमत दुसरीच्या निम्म्याहून कमी. आकडा तोच असताना जास्त पैसे का द्यावेत, असा हिशेब करून मी स्वस्त लेन्स उचलली. ती घेऊन भिगवणला उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहावयास गेलो. दिवसभरात २४० छायाचित्रे काढली. घरी येऊन संगणकावर पाहिली तेव्हा त्यांतील जेमतेम ९ स्पष्ट होती. बाकी सर्व हललेली. जन्मभर कर्जदारांना कागदपत्रातील बारीक अक्षरे वाचावयास सांगणाऱ्या मी त्या खोक्यावरील अक्षरे वाचली नव्हती. स्वस्त लेन्समध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणाच नव्हती.

तेव्हा प्रथम ती अक्षरे वाचावयास शिकू.

लेन्सवरील मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिचे नाभीय अंतर. आकडा दुप्पट झाला की त्याच जागेवरून वस्तू चित्रात दुप्पट मोठी दिसते. यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. २५० आणि ३०० यांत फरक केवळ पाचव्या हिश्श्याचा आहे; तेवढ्यासाठी फार पैसे मोजू नयेत. दुसरे असे की, पक्ष्यापासूनचे अंतर निम्मे केले तरीही चित्र दुप्पटच होते, आणि त्याला पैसा पडत नाही, धीर मात्र लागतो. डी ५६०० सारख्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स लावून २० मीटरवर नेम धरला, तर चौकटीत सुमारे दीड मीटर रुंदीचा भाग मावतो. आपला नेहमीचा खंड्या पक्षी सुमारे २८ सेंटिमीटर लांबीचा. म्हणजे तो चौकटीचा पाचवा-सहावा हिस्सा व्यापील. तोच १० मीटरवर सापडला तर एक-तृतीयांश चौकट त्याची.

दुसरा आकडा छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा. तो एफ ४, एफ ५.६, एफ ६.३ असा लिहितात. हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक. एफ ५.६ च्या तुलनेत एफ ४ वर दुप्पट आणि एफ २.८ वर चौपट प्रकाश आत येतो. महाग लेन्स महाग का असते, याचे उत्तर येथे आहे. ३०० मिलिमीटरला एफ ५.६ हवे असेल तर प्रकाश घेणारे तोंड सुमारे ५४ मिलिमीटर व्यासाचे पुरते, एफ २.८ साठी ते १०७ मिलिमीटर लागते. एवढी मोठी, निर्दोष काच घडविणे खर्चाचे काम आहे. झूम लेन्सवर 'एफ ४.५-६.३' असे दोन आकडे असतील तर पहिला जवळच्या टोकाचा आणि दुसरा दूरच्या टोकाचा समजावा. पाखरांसाठी आपण सदैव दूरच्याच टोकाला असतो; म्हणून दुसरा आकडा हाच खरा.

तिसरी गोष्ट स्थिरीकरणाची. निकॉन त्याला व्हीआर म्हणते, कॅनन आयएस, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस, सोनी ओएसएस. नावे निराळी, काम एकच. हातात धरून चित्र काढताना शटरचा वेग नाभीय अंतराच्या प्रमाणात ठेवावा लागतो. निकॉनच्या या आकाराच्या संवेदकावर ३०० ला दीडने गुणावयाचे, ४५० झाले, म्हणून शटर किमान सेकंदाच्या पाचशेव्या भागाचे. स्थिरीकरण असले तर याहून बऱ्याच मंद वेगातही हात निभावतो. मात्र ते आपला हात सावरते, पाखराला थांबवीत नाही. उडत्या पक्ष्याला हजाराव्या भागाचा किंवा त्याहून जलद वेग लागतोच.

लांबी, प्रकाश आणि स्थैर्य या तीन गोष्टी माफक किमतीत एकत्र मिळत नाहीत. मर्यादित पैशांत लेन्स घेताना काय मिळणार याआधी आपण काय सोडणार आहोत, हे ठरविले पाहिजे. माझी चूक हीच होती. मी स्थैर्य सोडले आणि सोडले आहे हे मला ठाऊकही नव्हते.

आता काय सोडावे, हे कोणी ठरवावयाचे? दुकानदाराने नव्हे, मीही नव्हे. मी मुलाला म्हणालो, "तू दुकानाच्या वह्या लिहितोस. आता एक आणखी वही घाल. चार रविवार रोजच्यासारखाच कॅमेरा घेऊन फिर. जेव्हा जेव्हा हातातली लेन्स अपुरी पडेल तेव्हा तीन गोष्टी लिही. समोर काय होते, किती पावलांवर होते, आणि उजेड कसा होता."

"काका, चार रविवारांत सवलत संपून जाईल," तो म्हणाला.

"सवलत पुन्हा येते. गेलेले पैसे तसे येत नाहीत," मी म्हणालो. वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, परंतु उठूनही गेले नाहीत.

चार रविवारांनी वही माझ्यापुढे आली. एकूण ३१ नोंदी होत्या. त्यांतील १९ हिप्परगा तलावाच्या काठच्या. खंड्या, शराटी, बगळे, पाणकावळे. बहुतेक २० ते ३० पावलांवर, सकाळच्या उन्हात. ७ नोंदी मैदानावरील क्रिकेटच्या. ३ नोंदी महाविद्यालयाच्या सभागृहातील नाटकाच्या. आणि २ नोंदी तलावाच्या मध्यावर उतरलेल्या, फार दूरच्या थव्यांच्या.

ही वही पाहून पुढचा हिशेब त्यानेच केला. १९ आणि ७ मिळून २६ प्रसंगी ३०० मिलिमीटर पुरेसे होते. सभागृहातील ३ प्रसंगी ६०० मिलिमीटरची लेन्सही निरुपयोगी, कारण तेथे लांबी कमी पडत नव्हती, प्रकाश कमी पडत होता. त्यावर उपाय एफ २.८ ची मोठी झूम, जी आवाक्याबाहेरची; किंवा पुढच्या रांगेत जागा धरून ५० मिलिमीटर एफ १.८ ची छोटी, स्वस्त लेन्स वापरणे. उरले २ प्रसंग. त्या दोन प्रसंगांसाठी कर्ज काढावयाचे होते!

शिवाय १५०-६०० च्या लेन्सचे वजन विसरू नये. सिग्माची 'कंटेम्पररी' अथवा टॅमरॉनची पहिली १५०-६००, दोन्हींचे वजन २ किलोच्या आसपास. त्या उत्तमच आहेत. परंतु त्यांच्याबरोबर भक्कम तिवई आली, मोठी पिशवी आली, ९५ मिलिमीटर व्यासाचे महाग फिल्टर आले. दुचाकीवरून सकाळी तलावावर जाणाऱ्याने हे सारे कसे न्यावे? तरीही मन मानत नसेल तर अशी लेन्स शनिवार-रविवारपुरती भाड्याने घेऊन पाहावी. पुण्यासारख्या शहरात ती सोय आहे. दोन दिवसांचे भाडे देऊन एक मोठी चूक टळत असेल तर तो खर्च नव्हे, विम्याचा हप्ता आहे.

हप्त्यांविषयी दोन शब्द बँकेतील माणूस म्हणून. 'विनाखर्च हप्ते' अशी जाहिरात दिसते, तिला भुलू नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना दिलेल्या सूचनेत शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नसते, हे स्पष्ट केले होते. व्याज कोणीतरी देतच असतो. बहुधा ते रोखीने घेणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीत लपलेले असते. वर बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरील जीएसटी वेगळा. म्हणून विचारावयाचा प्रश्न एकच. आज पूर्ण रक्कम दिली तर शेवटची किंमत काय? दोन आकडे शेजारी मांडले की 'विनाखर्च' या शब्दाचा अर्थ कळतो. धंद्यासाठीचे कर्ज स्वतःचे व्याज कमावून आणते, हौसेचे कर्ज ते आणत नाही. तेव्हा हौस साठलेल्या पैशांतच भागवावी. या मुद्द्यावर वडिलांचे म्हणणे योग्य होते आणि मी तसे मुलासमोर सांगितले. परंतु पाखरांची छायाचित्रे काढणे म्हणजे रिकामटेकडेपणा, हे त्यांचे म्हणणे योग्य नव्हते. तेही मी त्यांच्यासमोर सांगितले. जो मुलगा रविवारी पहाटे पाचला उठून चार आठवडे न चुकता नोंदी ठेवतो, त्याची हौस पोरकट म्हणता येणार नाही.

आता पर्याय पाहू. निकॉनच्या या वर्गातील कॅमेऱ्यांसाठी २०१६ साली आलेली एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर ही लेन्स आहे. वजन अवघे ४१५ ग्रॅम, फोकस जलद, आवाज जवळजवळ नाही. येथे दोन खाचखळगे आहेत. याच लेन्सचा स्थिरीकरण नसलेला भाऊ बाजारात आहे. दिसायला सारखा, नावात केवळ 'व्हीआर' ही अक्षरे नाहीत. दुसरे, एएफ-पी प्रकारच्या लेन्स डी ९० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करीत नाहीत. याउलट निकॉनची जुनी एएफ ७०-३०० एफ ४-५.६ जी अगदी स्वस्तात मिळते, परंतु तिच्यात फोकसची मोटर नाही. डी ५६०० मध्येही ती नाही. म्हणजे प्रत्येक वेळी हाताने फोकस करणे आले. टॅमरॉनची एसपी ७०-३०० व्हीसी ही २०१० ची लेन्स दूरच्या टोकाला एफ ५.६ देते आणि स्थिरीकरणही चांगले आहे. मात्र वजन ७६५ ग्रॅम.

ज्यांच्याकडे कॅननचा छोट्या संवेदकाचा डीएसएलआर आहे, त्यांनी ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम पाहावी. वजन ३७५ ग्रॅम. कॅननचीच ७५-३०० मिलिमीटरची तिसरी आवृत्ती स्वस्त असते, पण तिच्यात स्थिरीकरण नाही, हे ध्यानात असू द्यावे. सोनीच्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी ५५-२१० ओएसएस आहे. कोणतीही लेन्स घेताना आपला कॅमेरा बरोबर न्यावा आणि त्याच्यावर लावूनच पाहावी. मापाचा जोडा पायात घालूनच घेतात, तसेच हे.

मुलाने निकॉनची व्हीआर असलेली लेन्स निश्चित केली आणि ती वापरलेली घ्यावयाचे ठरविले. अलीकडे अनेक जण आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळत असल्याने डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स विक्रीस येतात. कॅमेऱ्याचे शरीर लवकर जुने होते; लेन्स नीट सांभाळली तर दीर्घकाळ चालते. परंतु वापरलेला माल पारखून घ्यावा लागतो.

येथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. विकणाऱ्याकडे जाण्याच्या दिवशी वडील म्हणाले, "मीही येतो. माल पाहून घ्यायचा असतो, हे तुम्हा दोघांना कळत नाही."

काय पाहावयाचे, हे मी त्यांना वाटेत सांगितले. पुढची तपासणी त्यांनीच केली. पोत्यातील मूठभर धान्य तळहातावर पसरून पाहावे, तशा सावकाशीने. लेन्सच्या एका टोकाने विजेरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या टोकाने पाहिले. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. धुरकट थर दिसला तरी सोडून द्यावी. धुळीचे दोन-चार कण असले तर काही बिघडत नाही. झूमची कडी फिरवून ती कोठे अडते का, कोठे सैल आहे का, हे पाहिले. कॅमेऱ्याला बसणारी चकती झिजलेली नाही ना, हे तपासले. मग मुलाने लेन्स कॅमेऱ्यावर चढविली. समोरच्या विटांच्या भिंतीचे ३०० मिलिमीटरवर, पूर्ण उघड्या छिद्राने चित्र काढले आणि पडद्यावर मोठे करून चारही कोपरे पाहिले. एक कोपरा इतरांपेक्षा धूसर असेल तर आतील काच सरकलेली असते. त्यानंतर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या वेगाने स्थिरीकरण चालू आणि बंद ठेवून पाच-पाच चित्रे काढली. फरक स्पष्ट दिसला, म्हणजे यंत्रणा जिवंत. शेवटी मूळ बिलावरील क्रमांक लेन्सवरील क्रमांकाशी ताडून पाहिला. बिल नसेल तर वस्तू चोरीची असण्याचा संभव असतो, म्हणून ही पायरी गाळू नये. त्याचप्रमाणे वस्तू हातात येण्यापूर्वी, केवळ फोनवरील बोलण्यावर आगाऊ पैसे पाठवू नयेत.

विकणाऱ्याने १६,००० रुपये सांगितले होते. वडिलांनी ते १४,५०० वर आणले. त्यांतही काही नवल नव्हते. परंतु परतताना गाडीत बापलेक त्या व्यवहाराविषयी बराच वेळ बोलत होते, आणि मी मागच्या आसनावर गप्प बसून होतो.

उरलेल्या रकमेचे अंदाजपत्रक असे झाले. एकपायी आधार, म्हणजे मोनोपॉड, २,००० रुपये. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, ५८ मिलिमीटरचा साधा फिल्टर व पुसण्याचे कापड, १,३०० रुपये. भिगवणच्या दोन फेऱ्यांचा प्रवास व होडीभाडे यांसाठी ४,२०० रुपये वेगळे ठेवले. लेन्ससह एकूण २२,०००. शिल्लक ६,००० रुपये. प्रवासाची तरतूद कृपया गाळू नका. अनेक घरांत महागड्या लेन्स कपाटात पडून राहतात, कारण घेताना सर्व पैसा काचेत घातलेला असतो आणि पाखरांपर्यंत जावयास काही उरत नाही.

आणखी एक आधार तर फुकटात मिळाला. दुकानातील जाड कापडाच्या पिशवीत दोन किलो मूग भरून तिचे तोंड शिवून टाकले. गाडीच्या खिडकीवर अथवा बांधावर ती ठेवून तिच्यावर लेन्स टेकविली की ती घट्ट बसते.

पावसाळ्याची काळजी मात्र घ्यावी. दमट हवा आणि अंधार ही बुरशीची आवडती जागा. लेन्स चामडी पिशवीत अथवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावी. सर्वांत चांगले औषध वापर हेच.

आपल्या घरातही असा एखादा प्रश्न आला असेल. लेन्स नसेल, संगणक असेल, वाद्य असेल. नकार देण्यापूर्वी किंवा हप्त्यांच्या कागदावर सही करण्यापूर्वी चार आठवडे एक वही घालून पाहावी. हौस खरी असेल तर वही भरते. नसेल तर तीही कोरी राहते आणि पैसे वाचतात. दोन्हींत तोटा नाही.

त्या मुलाचे समाधान पूर्ण झाले आहे, असे मी म्हणणार नाही. भिगवणच्या पहिल्या फेरीत होडीतून त्याने रोहित पक्ष्यांची सुरेख चित्रे काढली, पण एक थवा होडीच्याही आवाक्याबाहेर राहिला. परत आल्यावर त्याने मला वही दाखविली. दूरच्या थव्यांच्या नोंदी दोनाच्या पाच झाल्या होत्या. "काका, वाढताहेत," तो म्हणाला. मी म्हणालो, "वाढू दे. शिल्लक ६,००० आहेत, त्याही वाढू दे. दोन्ही आकडे भेटतील तेव्हा मोठी लेन्स घेऊ. अण्णांना बरोबर घेऊनच जाऊ."